स्टिरॉइडच्या गोळ्या आणि पोट: खरा धोका नेमका कुठे आहे?

दमा उसळला, संधिवात बळावला, लहान मुलाच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, अंगावर फोड येणारा त्वचारोग झाला, की डॉक्टर स्टिरॉइडची गोळी लिहून देतात. चिठ्ठी घरी आली की घरातल्या मोठ्या माणसांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ही गोळी फार गरम असते, पोट जाळते." मग अम्मी निम्मीच गोळी घेतात. अब्बा एक दिवसाआड घेतात. कुणी चार दिवसांत बरं वाटलं की पाकीट कपाटात ठेवून मोकळं होतं.

ही भीती अगदीच खोटी नाही. पण ती चुकीच्या ठिकाणी बोट दाखवते. पोटाला मोठा धोका बहुतेक वेळा एकट्या स्टिरॉइडमुळे होत नाही, तर तिच्या जोडीला घेतलेल्या पेनकिलरमुळे होतो. आणि पोटाला सांभाळायचं म्हणून स्टिरॉइड अचानक बंद करणं हे पोटाच्या त्रासापेक्षा किती तरी जास्त धोक्याचं आहे. या दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात म्हणून हा लेख.

आपण कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतोय?

प्रेडनिसोलोन, मिथाईलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट ही औषधांची मूळ नावं. आपल्या मेडिकलमध्ये ती वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, मेड्रोल, डेक्सोना, बेटनेसॉल अशा नावांनी मिळतात. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतात ती स्टिरॉइडं वेगळी, त्यांचा इथे संबंध नाही. दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड फुप्फुसात जातं, पोटापर्यंत पोहोचतं ते अगदी थोडं. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकली की झालं. त्वचेवर लावायच्या मलमाचाही पोटाशी फारसा संबंध येत नाही. आपला विषय आहे तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा, आणि काही प्रमाणात इंजेक्शनचा.

कोविडच्या काळात या गोळ्या घराघरात पोहोचल्या. जून 2020 मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, की ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं तर मृत्यू कमी होतात. औषध खरंच जीव वाचवणारं ठरलं. पण पुढच्या लाटेत ऑक्सिजनची गरज नसलेल्यांनीही ते स्वतःच्या मनाने घेतलं, आणि 2021 मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे जे रुग्ण वाढले त्यात अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा अतिवापर हे मोठं कारण होतं. त्या वेळच्या उरलेल्या स्ट्रिपा अजून कित्येक घरांच्या औषधाच्या डब्यात पडून आहेत. त्या फेकून द्या. कुणाचा गुडघा दुखला म्हणून त्यातली एक काढून देऊ नका.

पोटात होतं काय?

आपल्या जठरात तयार होणारं आम्ल इतकं तीव्र असतं की ते मांस पचवतं. तरी जठर स्वतःला पचवत नाही, कारण आतल्या अस्तरावर चिकट थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारा क्षार असतो. हा थर राखण्याचं आणि अस्तराला रक्त पुरवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. स्टिरॉइड ही रसायनं काही प्रमाणात कमी करतं. शिवाय जखम भरून येण्याचा वेगही ते मंदावतं. म्हणजे पोटात आधीच अल्सर असेल, तर तो भरायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट लोकांना सहसा कुणी सांगत नाही, पण तीच जास्त महत्त्वाची आहे. स्टिरॉइड सूज, ताप आणि वेदना दाबून टाकतं. त्याच कामासाठी तर ते देतात! पण त्यामुळे पोटात खरोखर काही बिघडलं, तरी जितकं दुखायला हवं तितकं दुखत नाही. मोठ्या डोसवर असलेल्या माणसाच्या जठराला किंवा आतड्याला छिद्र पडलं तरी पोट दगडासारखं कडक होईलच असं नाही, तापही येईलच असं नाही. म्हणून स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाचं "थोडंसंच दुखतंय" हे वाक्य हलक्यात घ्यायचं नसतं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. काही जण म्हणतात, गोळीवर लेप असलेली, आतड्यात जाऊन विरघळणारी स्टिरॉइड घेतली की पोट सुरक्षित. पोटावरचा परिणाम मुख्यतः औषध रक्तात गेल्यावर होतो, गोळी जठराला चिकटल्यामुळे नव्हे. त्यामुळे लेपाचा फायदा फारसा नाही. इंजेक्शनने घेतलं तरी हाच नियम लागू.

खरा गुन्हेगार: सोबतची पेनकिलर

कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवातासाठी वापरलं गेलं ते 1948 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले, आणि त्या कामाला 1950 चं नोबेल मिळालं. थोड्याच काळात अल्सरच्या बातम्या येऊ लागल्या आणि "स्टिरॉइड पोट फाडतं" ही ख्याती पसरली. पण त्या काळात संधिवाताचे रुग्ण अ‍ॅस्पिरिनसुद्धा भरपूर घेत. दोष कुणाचा किती, हे वेगळं काढायला पुढे बराच काळ गेला.

1991 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने चित्र बरंच स्पष्ट केलं. फक्त स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये अल्सरचा धोका न घेणाऱ्यांइतकाच, जेमतेम उन्नीस-बीस. पण स्टिरॉइड आणि पेनकिलर दोन्ही घेणाऱ्यांमध्ये तो, दोन्ही न घेणाऱ्यांच्या सुमारे 15 पट निघाला. नंतरच्या अभ्यासांत एकट्या स्टिरॉइडचाही थोडा धोका दिसला, मात्र तो मुख्यतः हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या, गंभीर आजारी लोकांमध्ये. घरी राहून गोळी घेणाऱ्यांमध्ये रक्तस्राव होण्याचं प्रमाण अगदी कमी आहे.

असं का, तर स्टिरॉइड जी संरक्षक रसायनं थोडी कमी करतं, तीच रसायनं पेनकिलर खूप जास्त कमी करते. पेनकिलर अस्तराला जखम करते, आणि स्टिरॉइड ती जखम भरू देत नाही. एकाने घाव घालायचा आणि दुसऱ्याने मलमपट्टी अडवायची, असा हा प्रकार.

आता अडचण अशी, की पेनकिलर आपल्या घरात "औषध" म्हणून मोजलीच जात नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही गोळ्या चालू आहेत का?" तर उत्तर येतं "नाही". पण पर्समध्ये कॉम्बिफ्लाम असते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन आहे. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, झेरोडॉल म्हणजे अ‍ॅसेक्लोफेनॅक, डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. नेप्रोक्सेन आणि निमेसुलाइडही याच कुळातली. दाढ दुखली, मासिक पाळीत पोट दुखलं, कंबर धरली, की मेडिकलवाला यातलीच एखादी काढून देतो. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही कधी कधी हीच असते. पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचायची सवय लावून घ्या. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला की बारीक अक्षरंही दिसतात.

उमऱ्याला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचंच उदाहरण घ्या. दिवसभर चालणं, तवाफ, सई. रात्री पाय ठणकतात. सोबतच्या कुणाच्या तरी पाकिटातून एक गोळी मिळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. ज्यांची स्टिरॉइड चालू आहे त्यांच्यासाठी हीच वेळ धोक्याची. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून दुखण्यासाठी काय चालेल ते लिहून घ्या आणि तेच सोबत ठेवा.

काय चालतं? साध्या दुखण्याला आणि तापाला पॅरासिटामॉल हा पोटाच्या दृष्टीने बराच सुरक्षित पर्याय आहे. लिव्हरचा आजार असेल तर त्याचाही डोस विचारून घ्यावा लागतो. गुडघ्याला चोळायच्या पेनकिलर जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फार थोडं असतं, त्यामुळे तेही बरं. शेकणं आहेच.

संधिवाताच्या काही रुग्णांना दोन्ही औषधं एकत्र द्यावीच लागतात. डॉक्टरांनी समजून-उमजून दिली असतील तर घाबरून बंद करू नका, पण सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी आहे ना, एवढं जरूर बघा. तसंच हृदयविकारासाठी चालू असलेली कमी डोसची अ‍ॅस्पिरिन (इकोस्प्रिन वगैरे) हा लेख वाचून स्वतःहून थांबवू नका. स्टेंट टाकलेल्या माणसाने ती अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं. त्यांनी करायचं एवढंच, की हृदयाच्या डॉक्टरांना स्टिरॉइडबद्दल आणि स्टिरॉइड देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅस्पिरिनबद्दल सांगायचं. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, हे आपल्याकडे सर्रास होतं.

पुडीवाल्या औषधांचं काय?

सांधेदुखी आणि दम्यावर "जडीबुटीची" म्हणून विनालेबलची पुडी किंवा काळी गोळी देणारे गावोगावी आहेत. अशा औषधांत स्टिरॉइड आणि पेनकिलर कुटून मिसळलेलं असल्याचं प्रयोगशाळेच्या तपासणीत वेळोवेळी आढळलं आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक वाढते, चेहरा भरतो, आणि लोक म्हणतात "हाताला शिफा आहे". मग काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते, किंवा एके दिवशी काळं शौच होतं. आणि हॉस्पिटलमध्ये विचारलं तर घरचे शपथेवर सांगतात की कुठलीही अ‍ॅलोपॅथी चालू नव्हती.

युनानी किंवा आयुर्वेदिक शास्त्राला नावं ठेवण्याचा हा प्रश्न नाही. चांगला हकीम काय देतो ते लिहून देतो. ज्या पुडीवर औषधाचं नाव नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, ती पोटात घालायची नाही. आणि आधीच बरेच महिने घेत असाल तर अचानक सोडू नका. पुडी घेऊन एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांकडे जा. त्याचं कारण पुढे येतंच.

गोळी घ्यायची कशी?

सकाळी, भरपेट नाश्त्यानंतर लगेच, पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत. बहुतेक वेळा दिवसाची एकच मात्रा असते. सकाळच का? कारण आपलं शरीर स्वतःचं स्टिरॉइड पहाटे आणि सकाळी जास्त तयार करतं, गोळी त्याच वेळी दिली की शरीराचा क्रम कमी बिघडतो. संध्याकाळी उशिरा घेतली तर झोप उडते. अन्नासोबत घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते. अल्सर टळेलच असं नाही, पण गोळी नियमित घेतली जाते, आणि तेही कमी महत्त्वाचं नाही.

नाश्ता म्हणजे चहा-खारी नव्हे. भाकरी, चपाती, अंडं, पोहे, खिचडी, काहीही चालेल, पण पोटात आधार हवा. उपाशीपोटी कडक चहा आणि त्यावर गोळी, मग दिवसभर "पित्त झालं" अशी तक्रार, यात गोळीचा दोष किती आणि चहाचा किती?

तिखटाबद्दल सगळे विचारतात. तिखट खाल्ल्याने अल्सर होत नाही. अल्सरची दोन मुख्य कारणं म्हणजे पेनकिलर आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. हा जिवाणू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना 2005 चं नोबेल मिळालं. आपल्या देशात तो खूप लोकांच्या पोटात असतो. पूर्वी कधी अल्सर झाला असेल तर मोठ्या मुदतीची स्टिरॉइड सुरू होताना डॉक्टरांना त्याच्या तपासणीबद्दल जरूर विचारा; शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीतून तो कळतो आणि गोळ्यांच्या कोर्सने जातो. तिखटाने जळजळ मात्र वाढते, तेव्हा ज्याला त्रास होतो त्याने सालन थोडं सौम्य करावं, एवढंच. तंबाखू, मिश्री, बिडी, सिगारेट यांना मात्र सवलत नाही. धूम्रपानाने अल्सर भरायला उशीर होतो हे पक्कं आहे.

पित्ताची गोळी: कुणाला हवी, कुणाला नको

आपल्याकडे स्टिरॉइडच्या चिठ्ठीवर पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल जवळजवळ आपोआप येतं. ज्यांचं वय 65 च्या पुढे आहे, आधी अल्सर किंवा रक्तस्राव झाला आहे, सोबत पेनकिलर, अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांना ती खरोखर हवी. तरुण, धडधाकट माणसाला पाच-सात दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स असेल आणि दुसरं काही चालू नसेल, तर तिची गरज बहुतेक वेळा नसते. डॉक्टरांनी दिली तर घ्या, थोडे दिवस घेऊन नुकसान नाही.

माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. स्टिरॉइड संपतं, पण पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालूच राहते. कुणी थांबवायला सांगितलेलंच नसतं. ही गोळी फार काळ घेतली तर शरीरातलं बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढतो. स्टिरॉइड स्वतःच हाडं ठिसूळ करतं, त्यात ही भर कशाला? स्टिरॉइड बंद होताना डॉक्टरांना विचारा, "ही गोळी कधी थांबवायची?" बरेच महिने घेतलेली असेल तर एकदम थांबवल्यावर काही दिवस आम्ल उसळतं, म्हणून ती कमी करत नेतात.

घेण्याची वेळही बहुतेकांची चुकते. ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी घ्यायची, स्टिरॉइड नाश्त्यानंतर. दोन्ही एकदम तोंडात टाकल्या तर पित्ताच्या गोळीचा गुण पुरता येत नाही. ती चावू नये, कुटू नये. पॅन-डीसारख्या गोळ्यांत पँटोप्राझोलसोबत डॉमपेरिडोन असतं. ते उलटी-मळमळीसाठी, पोटाच्या संरक्षणासाठी नव्हे, आणि ते दीर्घकाळ घ्यायचं औषध नाही.

एक गोष्ट आपल्या घरांत घडते, पण कुणी बोलत नाही. ओमेप्राझोल बहुधा कॅप्सूलमध्ये येतं, आणि कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं आहे या शंकेने काही जण ती गुपचूप बाजूला ठेवतात. डॉक्टर मात्र समजतात की संरक्षण चालू आहे. संकोच कसला? सरळ सांगा, "कॅप्सूलऐवजी टॅब्लेट द्या." पँटोप्राझोल आणि रॅबेप्राझोल टॅब्लेटमध्ये सहज मिळतात.

लंबी मुदतीच्या स्टिरॉइडबरोबर कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व देतात. वयस्कर बायांना हाडांसाठी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळीही दिली जाते. ही गोळी अन्ननलिकेला अडकली तर जखम करते. सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्यासोबत घ्यायची, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दादी गोळी घेऊन पुन्हा पांघरुणात शिरल्या तर त्यांना उठवून बसवा.

घरगुती उपाय

थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, इलाज होत नाही. डायजिन, जेलुसिल यांसारखी पातळ औषधं अधूनमधून चालतील, पण स्टिरॉइडच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती गोळी नीट शोषली जात नाही. इनो आणि खाण्याचा सोडा मात्र टाळा. त्यात सोडियम भरपूर, आणि स्टिरॉइड आधीच अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं. पाय सुजतात, बीपी चढतं.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते जेष्ठमधाला, म्हणजे आपल्या मुलेठीला. पित्तावर आणि घशावर ती घरोघरी देतात. एरवी थोडी चघळली तर ठीक. पण मुलेठीतला एक घटक शरीरात स्टिरॉइडचं काम वाढवतो, पोटॅशियम कमी करतो आणि बीपी वाढवतो. स्टिरॉइड चालू असताना मुलेठीचा काढा किंवा चूर्ण नियमाने घेऊ नका. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी असेल असं नाही.

रमजानमध्ये

दिवसाला एकच मात्रा असलेल्या आणि आजार आटोक्यात असलेल्या बऱ्याच रुग्णांचं वेळापत्रक बसवता येतं. सेहरीसाठी उठल्याबरोबर पित्ताची गोळी, अर्ध्या तासाने सेहरी, आणि शेवटी स्टिरॉइड. दोन मात्रा असतील तर एक सेहरीला, एक इफ्तारनंतर, हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. रमजान लागण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जाऊन विचारा, चाँद दिसल्यावर नाही.

सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडमुळे साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते. म्हणजे नेमकी इफ्तारच्या वेळेला! त्यावर तीन ग्लास सरबत, खजुरांची रास आणि तळलेली भजी-समोसे गेले, तर साखर आणि जळजळ दोन्ही एकदम उसळतात. मधुमेह नसलेल्यांनीही स्टिरॉइडच्या काळात साखर तपासून घ्यावी.

मोठा डोस नुकताच सुरू झाला असेल, अलीकडे अल्सर किंवा रक्तस्राव झाला असेल, किडनीचा आजार किंवा अनियंत्रित मधुमेह असेल, तर रोजा ठेवणं धोक्याचं आहे. सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींमध्ये आजारी माणसाला सवलत आहे; कजा की फिदया, हे मौलाना साहेबांना विचारावं, आणि शरीराला झेपेल का हे डॉक्टरांना. दोघांनाही विचारायला हवं. रोजा चालू असताना चक्कर, वारंवार उलट्या किंवा काळं शौच झालं, तर मगरिबची वाट न बघता रोजा सोडून हॉस्पिटल गाठायचं.

अचानक बंद का करायची नाही

आपल्या किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून गोळी येत राहिली की साधारण तीन आठवड्यांनंतर या ग्रंथी सुस्तावू लागतात. अशा वेळी गोळी एकदम थांबली तर शरीरात स्टिरॉइडच उरत नाही. बीपी कोसळतं, उलट्या होतात, पोट दुखतं, गळून जायला होतं, शुद्ध हरपते. यात माणूस दगावू शकतो. आणि यातला क्रूर भाग असा, की उलट्या आणि पोटदुखी दिसल्यावर घरचे म्हणतात, "बघा, गोळीनेच पोट बिघडवलं," आणि उरलेली गोळीही बंद करतात.

म्हणून डोस डॉक्टर उतरवतील तसाच उतरवायचा, पायरी-पायरीने. त्यांनी 20 वरून 15, 15 वरून 10 असं लिहून दिलं असेल तर तो कागद फ्रिजवर चिकटवा. स्ट्रिप संपायच्या चार दिवस आधी नवीन आणा. जुलाब-उलट्या लागून गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. इंजेक्शनने स्टिरॉइड द्यावं लागू शकतं. ऑपरेशन असो की दात काढणं, गेल्या वर्षभरात स्टिरॉइड घेतली असेल तर आधी सांगा.

किडनीच्या आजारासाठी स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हेच. त्यांचा कोर्स कित्येक आठवड्यांचा असतो. मूल सारखं खायला मागतं, चिडतं, गुबगुबीत होतं. आजूबाजूच्या बाया "कशाला एवढ्या गोळ्या" म्हणतात. गोळी सोडू नका. तापाला आयब्युप्रोफेनचं सिरप देऊ नका, ते पोटाला आणि त्याहून जास्त किडनीला वाईट, पॅरासिटामॉल द्या. उलटी झाली तर पुन्हा द्यायची का, हे फोन करून विचारा.

ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच म्हणजे पोटात रक्तस्राव होतोय असंच धरून चालायचं. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं, पण ते सहसा डांबरासारखं चिकट नसतं आणि तो विशिष्ट दुर्गंध नसतो. शंका असेल तर दाखवाच. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसणं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं, अंग थंड आणि घामेजलेलं पडणं, अचानक पोटात कळ येऊन ती न थांबणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. 108 ला फोन करा. पित्ताची गोळी देऊन सकाळ होण्याची वाट बघू नका, आणि पेनकिलर तर अजिबात देऊ नका.

हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की स्टिरॉइड चालू आहे, कोणती, किती मिलिग्रॅम आणि किती दिवसांपासून. पोट हाताला मऊ लागलं तरी डॉक्टर मग नीट तपासणी करतील. सगळ्या औषधांची पाकिटं, पुडीसकट, एका पिशवीत घालून सोबत न्या. ज्यांना बरेच महिने ही गोळी घ्यायची आहे त्यांनी एका कार्डावर औषधाचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख आणि डॉक्टरांचा फोन लिहून पाकिटात किंवा पर्समध्ये ठेवावं, आणि घरातल्या किमान एका जाणत्या मुला-मुलीला ते कार्ड कुठे आहे ते दाखवून ठेवावं.